गाथेची पाने हलू नयेत म्हणून

सांगली-कोल्हापूर भागातील छापखान्यांची आणि लहान कार्यालयांची संगणकव्यवस्था सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. त्यांपैकी एका छापखान्यातील संगणक मी पूर्वीच विंडोजऐवजी लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर आणले होते आणि हिशेब, पत्रव्यवहार, ग्राहकांच्या पीडीएफ तपासून प्लेटसाठी पाठवणे ही कामे त्यांवर सुरळीत चालली होती. अपवाद एकाच संगणकाचा होता. कोपऱ्यातील त्या जुन्या पेंटियम यंत्रावर विंडोज एक्सपी, पुस्तकाची पाने रचण्याचा प्रोग्रॅम पेजमेकर ७ आणि मराठी टंकनाची एक जुनी प्रणाली होती, आणि त्याला कोणी हात लावायचा नाही, असा तिथला अलिखित नियम होता. आषाढी वारी तोंडावर आली असताना नेमका तोच बंद पडला.

मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांनी फोनवर एवढेच सांगितले, "सार्थ गाथेची नवी आवृत्ती पालखी निघायच्या आत बांधून हवी आहे, आणि सगळी पाने त्या डब्यात अडकलीत. तुम्ही आजच या." मी पोहोचलो तेव्हा यंत्राचे झाकण उघडून ठेवलेले होते. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून त्यांची तोंडे फाटली होती. त्या बोर्डाला दुसरा जोडीदार बाजारात मिळण्याची शक्यता नव्हती. हार्ड डिस्क मात्र फिरत होती.

काम वरवर पाहता सोपे होते. लिनक्सवर एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक, उभारायची, तिच्यात विंडोज बसवायचे, पेजमेकर आणि फॉन्ट टाकायचे आणि फाइली उघडायच्या. परंतु ही वाट तिथल्या अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंनी आदल्या दिवशीच, हाताशी असलेल्या फाइलींच्या प्रती घेऊन, दुसऱ्या एका छापखान्यात जाऊन चोखाळली होती. तिथे पेजमेकरही होते आणि त्याच नावाचे फॉन्टही. फाइली उघडल्या, अक्षरेही बरोबर दिसली; पण चारशेहून अधिक पानांचा ग्रंथ तीन पानांनी वाढला. कुठे एखादा शब्द पुढच्या ओळीत गेला होता, कुठे तळटीप आपल्या अभंगाला सोडून मागच्या पानावर राहिली होती. "सर, तीन पानांचं काही नाही हो, कागद घालू," ताई म्हणाल्या, "पण शेवटी अभंगांची अकारविल्हे सूची आहे. तिच्यातला प्रत्येक पृष्ठांक चुकणार."

त्यांनी आणलेल्या छापील नमुन्यांची पाने जुन्या आवृत्तीशेजारी ठेवून पाहिली, तेव्हा कारणाचा अंदाज येऊ लागला. एक तर टंकप्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत त्याच नावाच्या फॉन्टमधील अक्षरांची रुंदी किंचित वेगळी असू शकते, आणि तेवढ्याने शेकडो पानांत ओळी सरकतात. दुसरे कारण पेजमेकरच्या घडणीत आहे. पान कोणत्या मुद्रकासाठी (प्रिंटरसाठी) रचायचे, याची नोंद त्याच्या फाइलीत असते; तो मुद्रक संगणकावर नसला आणि त्याच्या जागी दुसरा निवडला गेला, की मजकूर नव्याने रचला जातो. म्हणजे हवे होते ते नुसते पेजमेकर नव्हते. तोच संगणक, त्याच फॉन्टांसह, त्याच मुद्रकाच्या नोंदीसह, जसाच्या तसा हवा होता.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला फॉन्टवर अवलंबून नसलेला ठरावीक क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत, का नेला नाही, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्या काळातील मराठी फॉन्टमध्ये देवनागरी चिन्हे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. फॉन्ट काढून घेतला की 'धर्म' या शब्दाच्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची रांग उरते. शिवाय ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर, अशा दिसण्याच्या क्रमाने मजकूर साठवलेला असतो, उच्चाराच्या क्रमाने नाही. रूपांतर करणारी साधने बहुतेक शब्द नीट हाताळतात. परंतु गाथेसारख्या ग्रंथात 'बहुतेक' पुरत नाही. जुनी रूपे, अवग्रह आणि क्वचित येणारी जोडाक्षरे यांमुळे सगळ्या मजकुराचे मुद्रितशोधन नव्याने करावे लागले असते. नव्या आवृत्तीत जुन्या शुद्धिपत्रातील दुरुस्त्या करायच्या होत्या, त्यामुळे जुनी पाने स्कॅन करून छापण्याचाही मार्ग नव्हता. पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइली उघडतात, पण तिथेही पाने नव्याने रचली जाणारच.

वाइनचा विचारही मनात आला. १९९३ पासून विकसित होत असलेले हे साधन विंडोजच्या प्रोग्रॅमच्या मागण्या थेट लिनक्सच्या भाषेत पुरवते, त्यामुळे वेगळे विंडोज लागत नाही, आणि साध्या प्रोग्रॅमसाठी मी ते आनंदाने वापरतो. इथे अडचण डोंगलची होती. टंकप्रणाली सुरू होण्यासाठी यूएसबीला लावायची कुलूपवजा कांडी हवी होती आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती कांडी विंडोजला ओळखू देणारा प्रोग्रॅम, विंडोजच्या गाभ्यात बसणारा होता. असे ड्रायव्हर चालवणे हे वाइनचे काम नव्हे. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र गाभ्यासकट अख्खे विंडोज असते. डोंगलशिवाय चालणारी 'तोडलेली' प्रत मिळते, असे छापखान्यातील एका मुलाने हळूच सुचवले. पैसे मोजून घेतलेला परवाना हाताशी असताना अनोळखी ठिकाणची प्रत आणून ग्राहकाचा ग्रंथ तिच्यावर सोपवणे मला मान्य नव्हते आणि काकांनाही नव्हते.

हार्ड डिस्क काढून, यूएसबीच्या अडॅप्टरने लिनक्सच्या संगणकाला जोडून डीडीरेस्क्यूने तिची प्रतिमा, म्हणजे एका फाइलीत हुबेहूब प्रत, घ्यायला सुरुवात केली. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडलेल्या जागांची नोंद ठेवते आणि नंतर त्या जागांकडे पुन्हा वळते. थकलेल्या डिस्कसाठी याहून बरी पद्धत मला ठाऊक नाही. ८० जीबीची ती डिस्क दुपारपर्यंत उतरली आणि न वाचता आलेले थोडे सेक्टर ग्रंथाच्या किंवा फॉन्टच्या फाइलींत नव्हते. मूळ प्रतिमा कुलूपबंद ठेवली आणि तिच्यावर क्यूकाऊ२ पद्धतीचा एक थर चढवला. त्यामुळे पुढे होणारा प्रत्येक बदल वरच्या थरात लिहिला जाणार होता आणि काही बिनसले, तर तो थर टाकून देऊन नव्याने सुरुवात करता येणार होती.

व्हर्च्युअल मशीन चालवण्यासाठी लिनक्सवरील केव्हीएम आणि क्यूएमयू ही जोडी होती; आतल्या विंडोजला दिसणारे यंत्रभाग क्यूएमयू उभे करते. केव्हीएम २००७ पासून, म्हणजे २.६.२० या आवृत्तीपासून, लिनक्सच्या गाभ्यातच आहे आणि प्रोसेसरमधील सोयीचा उपयोग करून ते आतले विंडोज जवळजवळ मूळ वेगाने चालवते. पहिल्याच सुरुवातीला निळा पडदा आला आणि त्यावर ७बीने संपणारा सांकेतिक क्रमांक होता. त्याचा अर्थ एवढाच की एक्सपीला स्वतःची डिस्क सापडत नव्हती. एक्सपी सुरू होताना डिस्क नियंत्रकाचे तेवढेच ड्रायव्हर उचलते, जे त्याच्या रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत आधीपासून लिहिलेले असतात. जुन्या बोर्डावरचा नियंत्रक दुसऱ्याच कंपनीचा आणि क्यूएमयू दाखवत होते ते इंटेलच्या जुन्या संचाचे रूप. त्यामुळे घरात असूनही घर सापडेना, अशी त्याची गत झाली होती.

यावरचा उपाय जुना आणि खात्रीचा आहे. इंटेलच्या नियंत्रकाच्या नोंदी एक्सपीच्या रजिस्ट्रीत बाहेरून घालायच्या आणि त्याची ड्रायव्हर फाइल जागेवर आहे ना, ते पाहायचे. विंडोज बंद असताना हे करायचे असल्यामुळे एक बारकावा सांभाळावा लागतो: 'करंट कंट्रोल सेट' नावाची शाखा विंडोज चालू असतानाच अस्तित्वात येते, त्यामुळे नोंदी 'कंट्रोल सेट ००१' मध्ये लिहाव्या लागतात. त्या लिहून यंत्र पुन्हा सुरू केले, तेव्हा लिनक्सच्या पडद्यावरील एका चौकटीत ताईंचा ओळखीचा डेस्कटॉप उभा राहिला, त्यावरच्या विठोबाच्या चित्रासह. "अगं बाई, हे तर माझंच," त्या म्हणाल्या. एक्सपीची प्रत संस्थांना मिळणाऱ्या घाऊक परवान्याची होती, म्हणून यंत्रसामग्री बदलल्यावर ते पुन्हा सक्रिय करा, असा तगादा लागला नाही. ब्रँडेड संगणकासोबत येणारी प्रत असती, तर परवान्याच्या दृष्टीने ती अशी हलवताच आली नसती.

डोंगलने मात्र वेळ खाल्ला. तो लिनक्सला दिसत होता, व्हर्च्युअल मशीनची मांडणी करणाऱ्या व्हर्ट-मॅनेजरमधून आतल्या यंत्राला जोडलाही होता, तरी एक्सपीला त्याचा पत्ता नव्हता. एक्सपीतील यूएसबीच्या यादीत पाहिले, तेव्हा उलगडा झाला. व्हर्ट-मॅनेजरने आपण होऊन यूएसबी ३ चा नियंत्रक दिला होता आणि एक्सपीजवळ त्याचा ड्रायव्हरच नसतो. म्हणजे डोंगल अशा दारावर उभा होता, जे आतल्या माणसाला दिसतच नव्हते. नियंत्रक बदलून यूएसबी २ चा केला, तसा डोंगलवरचा हिरवा दिवा लागला आणि टंकप्रणालीचे चिन्ह घड्याळाशेजारी येऊन बसले. जोडणी करताना डोंगल त्याच्या उत्पादक-क्रमांकाने ओळखला जाईल असे ठरवले; बस आणि उपकरणाच्या क्रमांकाने जोडल्यास तो काढून पुन्हा लावताच क्रमांक बदलतो आणि मशीनला तो सापडेनासा होतो.

ग्रंथाची फाइल उघडली आणि ताईंनी सर्वप्रथम शेवटचे पान पाहिले. पृष्ठांक जुन्या आवृत्तीतलाच होता. तेवढ्यावर विसंबून न राहता त्यांनी जुने पुस्तक मांडीवर घेतले आणि प्रत्येक पानाची शेवटची ओळ पडद्यावरील ओळीशी जुळवायला सुरुवात केली. कॉम्प्युटरवाल्याच्या 'झालं' या शब्दावर त्यांचा विश्वास नाही आणि माझ्या मते तो नसावाच.

दुरुस्त्या करायला बसल्यावर आणखी एक गोष्ट निघाली. कळफलकावर नसलेली जोडाक्षरे त्या ऑल्ट दाबून अंकांच्या सांकेतिक क्रमांकांनी काढत. त्या क्रमांकांचा हाताने लिहिलेला, कडा पिवळ्या पडलेला तक्ता मॉनिटरच्या बाजूला चिकटवलेला असे. तो काढून त्यांनी नव्या मॉनिटरला लावला, पण अक्षरे उमटेनात. लिनक्सच्या दृष्टीने नमलॉक चालू होते आणि आतल्या एक्सपीच्या दृष्टीने बंद, इतकेच कारण होते. ते जुळवून दिले, तसा त्यांचा हात पूर्वीच्याच वेगाने चालू लागला.

एक्सपीचा सुरक्षा-आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आहे, म्हणून आतल्या यंत्राला इंटरनेट तर नाहीच, कसलेच नेटवर्क कार्ड द्यायचे नाही, असे मी ठरवले होते. मग छपाईची फाइल बाहेर कशी आणायची? सामायिक फोल्डर उघडायचा, तर एक्सपीला नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याची फक्त जुनी एसएमबी १ पद्धत कळते आणि लिनक्सवर हे काम करणाऱ्या सांबाने २०१९ मधील ४.११ या आवृत्तीपासून ती मुळातच बंद ठेवली आहे. ती उघडण्यापेक्षा मी समांतर पोर्टचा, म्हणजे जुने प्रिंटर ज्याला जोडत त्या जोडणीचा, उपयोग केला. व्हर्च्युअल मशीनला दिलेला समांतर पोर्ट लिनक्सवरील एका साध्या फाइलीला जोडता येतो. पेजमेकरमध्ये नोंदलेला मूळचा, पोस्टस्क्रिप्ट या पानवर्णनाच्या भाषेवर चालणारा मुद्रक त्याच पोर्टवर होता. त्याला धक्का न लावता ग्रंथाचे भाग ओळीने छापायला दिले आणि कागदावर जाणारा मजकूर लिनक्सच्या फाइलीत एकामागून एक साठत गेला. हा मार्ग संथ आहे, पण पानाची रचना बदलेल असे त्यात काही नाही. बाहेर आलेल्या पोस्टस्क्रिप्टची पीडीएफ घोस्टस्क्रिप्ट या साधनाने केली, प्रत्येक फॉन्ट पीडीएफमध्ये अंतर्भूत झाला आहे याची यादी काढून खात्री केली आणि पहिल्या फर्म्याची (एका कागदावर एकदम छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटाची) सोळा पाने कागदावर काढून ताईंपुढे ठेवली.

त्या तपासत असताना काकांनी विचारले, "आता हे किती वर्षं चालेल?" विंडोजपुरते बोलायचे, तर प्रश्न उरलेला नव्हता, कारण ते यंत्र आता एक फाइल झाले होते आणि तिच्या प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवल्या होत्या. डोंगलची मात्र प्रत निघत नाही. तो गेला की आतली अक्षरे दिसतील, पण नवे टंकन थांबेल. हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यावर वारीनंतर गाथा प्रकरणाप्रकरणाने युनिकोडमध्ये न्यायची, प्रत्येक प्रकरण या मशीनमधील पानांशी ताडून पाहायचे, आणि सूची पृष्ठांकाऐवजी अभंगक्रमांकावर बांधायची, असे ठरले. सूचीची कल्पना ताईंची होती. डोंगल दिवसा त्यांच्या संगणकाला आणि रात्री काकांच्या कपाटात राहील, असेही ठरले. आणि संध्याकाळी पहिल्या फर्म्याची पीडीएफ प्लेटसाठी गेली.