टर्न ऑफ द स्क्रू: दुसऱ्यांची वाक्यं पुरी करणारी बाई

हेन्री जेम्सची 'द टर्न ऑफ द स्क्रू' वाचून संपली की पहिला प्रश्न हमखास हाच, की भुतं खरंच होती का ती गोष्ट सांगणाऱ्या गव्हर्नेसचं (म्हणजे मुलांना शिकवायला-सांभाळायला घरी ठेवलेल्या बाईचं) डोकं फिरलं होतं. जवळजवळ शंभर वर्षं लोक ह्यावर भांडतायत आणि अजून कोणी दमलेलं दिसत नाही. (पुढे स्पॉयलरच स्पॉयलर आहेत. कथा १८९८ची आहे, त्यामुळे माफी वगैरे मागत नाही.) मला मात्र त्या भांडणापेक्षा वेगळीच गोष्ट छळते. ह्या कथेत कोणीही धड वाक्य पुरं करत नाही, आणि समोरचा जिथे अडखळतो तिथे गव्हर्नेस ते वाक्य स्वतःच पुरं करून मोकळी होते.

ज्यांनी वाचली नाहीये त्यांच्यासाठी पटकन: एसेक्समधलं ब्लाय नावाचं मोठं घर, आईबाप गेलेली दोन मुलं, मायल्स दहा वर्षांचा आणि फ्लोरा आठची. त्यांचा देखणा श्रीमंत काका राहतो लंडनला हार्ली स्ट्रीटवर आणि त्याला मुलांची कटकट नकोय. तो एका गरीब पाद्र्याच्या वीस वर्षांच्या मुलीला गव्हर्नेस म्हणून ठेवतो, तिची ही पहिलीच नोकरी, आणि अट एकच की काहीही झालं तरी मला कळवायचं नाही. ती त्याला जेमतेम दोनदा भेटलीय आणि पार भाळलीय. मग ब्लायला तिला एक पुरुष दिसायला लागतो, नंतर एक बाई. काकाचा जुना खास नोकर पीटर क्विंट आणि आधीची गव्हर्नेस मिस जेसेल. दोघंही मेलेले.

आता दुसऱ्याच प्रकरणातलं ते पत्र बघा. मायल्सच्या हेडमास्तरांनी काकाला लिहिलेलं, आणि काकाने न फोडताच तिच्याकडे पाठवलेलं, तूच वाच, तूच निस्तर, मला सांगू नकोस म्हणून. त्यात एवढंच आहे की मुलाला आता शाळेत ठेवून घेता येणार नाही. कारण दिलेलंच नाही. गव्हर्नेस हाउसकीपर मिसेस ग्रोसला हे सांगते आणि त्याच दमात म्हणते की ह्याचा अर्थ एकच होऊ शकतो, तो इतर मुलांना अपाय करणारा आहे. अहो, कुठे लिहिलंय असं? ती पत्र पुढे करते तर मिसेस ग्रोस हात मागे घेते, कारण तिला वाचताच येत नाही, मग पत्राची घडी होऊन ते परत खिशात जातं. म्हणजे त्या पत्राला साक्षीदार एकच, आणि तीच आपल्याला गोष्ट सांगतेय! आणि शेवटी मायल्स काय कबूल करतो, तर मी 'काहीतरी बोललो', ते पण मला आवडणाऱ्या थोड्या मुलांना. काय बोललास ते शेवटपर्यंत कळत नाही.

ह्याच प्रकरणात अजून एक जागा आहे जी पहिल्या वाचनात कोणाच्याही लक्षात येत नाही. आधीची गव्हर्नेसही तरुण आणि सुंदर होती असं कळल्यावर ही गमतीत म्हणते, त्यांना आम्ही तरुण, सुंदरच आवडतो वाटतं. हिच्या डोक्यात अर्थातच काका. मिसेस ग्रोस पटकन बोलून जाते की हो ना, त्याला सगळ्या तशाच आवडायच्या, आणि लगेच जीभ चावते, म्हणजे मालकांना म्हणायचंय मला. गव्हर्नेस तिथेच पकडते, आधी कोणाबद्दल बोललात? म्हणजे भूत दिसायच्या आधीच हिला कुणकुण लागलीय की ह्या घरात दुसरा एक पुरुष होऊन गेलाय आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही.

एडमंड विल्सन नावाच्या समीक्षकाने १९३४ साली मोठा लेख लिहिला की भुतं बितं काही नाहीत, सगळा दाबलेल्या वासनेचा खेळ आहे, फ्रॉइड वगैरे. (त्याच्या आधी १९२४ मध्ये एड्ना केंटनने भुतांवर संशय घेतलेला, पण नाव विल्सनचं झालं, नेहमीप्रमाणे.) त्यावरचा सगळ्यात जोरदार आक्षेप म्हणजे पाचवं प्रकरण. खिडकीत दिसलेल्या माणसाचं ती वर्णन करते, लालभडक कुरळे केस, लांबट फिकट चेहरा, बारीक डोळे, आणि मिसेस ग्रोस त्याला ओळखते. कधी न पाहिलेल्या माणसाचं इतकं बरोबर वर्णन वेडी बाई कसं करेल?

पण तो संवाद सावकाश वाचा. मिसेस ग्रोस विचारते की गावातला कोणी नसेल ना, तर ही म्हणते नाही, तुम्हाला बोलले नाही पण मी खात्री करून घेतलीय. कोणाकडून? काय विचारून? एक अक्षर नाही. मग वर्णन झाल्यावर मिसेस ग्रोसच विचारते, पण दिसायला देखणा आहे ना? आणि गव्हर्नेस आपल्याला सरळ सांगते की हिला मदत कशी करायची ते मला कळलं, आणि म्हणते, फारच! मग कपड्यांचा प्रश्न, तर ही म्हणते भारी आहेत पण त्याचे स्वतःचे नाहीत, की लगेच मिसेस ग्रोस, मालकांचे! जत्रेतला पोपटवाला असाच अर्धं सांगतो आणि उरलेलं आपल्याच तोंडून काढून घेतो. मात्र ते लाल केस राहतातच हं. ते वर्णन तिने प्रश्न यायच्या आधीच केलेलं असतं, त्यामुळे विल्सनवाल्यांनी कितीही कसरत केली तरी ते केस पूर्ण झटकता येत नाहीत.

उलट बाजूला तळ्याकाठचा प्रसंग. गव्हर्नेस ओरडतेय की ती बघा जेसेल, समोर उभी आहे, आणि मिसेस ग्रोसला काहीच दिसत नाहीये, फ्लोरा म्हणतेय मला कोणी दिसत नाही, कधीच दिसलं नाही, तू दुष्ट आहेस. झालं, केस बंद, असं वाटतं ना? तर त्या रात्री फ्लोरा इतकं घाणेरडं बोलते की सकाळी मिसेस ग्रोसच म्हणते, माझा विश्वास बसला. जेम्स प्रत्येक पुराव्याच्या शेजारी त्याला खोटं पाडणारा पुरावा ठेवून देतो, आणि मला नाही वाटत हे अपघाताने झालंय.

कारण मूळ गोष्टीत हा गोंधळ नव्हताच. जानेवारी १८९५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपनी जेम्सला ही सांगितली, आणि दोनच दिवसांनी त्याने ती वहीत टिपून ठेवली: वाईट नोकर मुलांना बिघडवतात, मरतात, आणि मुलांना ओढून न्यायला परत येतात. भुतं एकदम पक्की. पण त्याच नोंदीत शेवटी तो लिहितो की ही गोष्ट बाहेरून बघणाऱ्या कोणीतरी सांगायला हवी. सगळा खेळ तिथे सुरू झाला असं माझं मत. पुढे ह्या कथेच्या १९०८च्या प्रस्तावनेत तर तो कबूलच करतो की वाईटपणाचा तपशील मी दिलेला नाही, वाचकाला स्वतःलाच तो कल्पू द्यायचा. म्हणजे पत्राच्या बाबतीत गव्हर्नेस जे करते तेच आपण तिच्या बाबतीत करतो. रिकामी जागा दिसली की भरली. शोशाना फेलमन नावाच्या समीक्षिकेने १९७७ मध्ये ह्यावर लांबलचक निबंध लिहिलाय, जड आहे, पण हे पटतं की नक्की उत्तर हवंच म्हणून हट्ट धरणारा वाचक त्या गव्हर्नेससारखाच वागत असतो.

पडद्यावर किंवा स्टेजवर हे टिकवणं महाकठीण. बेंजामिन ब्रिटन ह्या संगीतकाराच्या १९५४च्या ऑपेरात क्विंट चक्क गातो, मग कसली शंका घेणार. नेटफ्लिक्सच्या २०२०च्या सिरीजमध्ये भुतांना बॅकस्टोरी वगैरे आहे, बघायला छान, पण तो वेगळा पदार्थ. १९६१चा 'द इनोसंट्स' हा सिनेमा त्यातल्या त्यात जवळ जातो.

शेवटच्या पानावर ती मायल्सला घट्ट धरून नाव सांग, सांग करत असते आणि तो ओरडतो, पीटर क्विंट, सैतान कुठला! आता हे सैतान खिडकीतल्याला की हिला, ते ठरवायला तिसरं कोणीच खोलीत नाही, आणि पोरगं तिच्या हातात मरतं. इथे मात्र मी तटस्थ राहू शकत नाही. भूत असो नसो, त्या पोराला मारलं ते तिच्या खात्रीने असं मला वाटतं.

आणि तरीही अडतं ते सुरुवातीलाच. ही हस्तलिखित गोष्ट नाताळात शेकोटीपाशी वाचून दाखवणारा डग्लस सांगतो की ही बाई नंतर त्याच्या बहिणीची गव्हर्नेस होती, आणि त्या पेशात इतकी चांगली बाई त्याने दुसरी पाहिली नाही. एका घरात मूल हातात मेल्यावर तिला पुन्हा मुलं सांभाळायची नोकरी दिली कोणी? काकाने शिफारस केली का? चौकशी झाली का? की डग्लसही तिच्यावर भाळलेलाच होता, म्हणजे तोही भरवशाचा नाही? आता बघा, हे वाक्य मीच पुरं करायला निघाले. ज्यांनी वाचलंय त्यांनी सांगा तुमचं काय मत, आणि प्लीज, लाल केसांचं काहीतरी पटेलसं उत्तर असेल तर तेवढं आधी सांगा.