मतलई वारा आणि मुंबईचं धुरकं

पहाटेची हवा स्वच्छ असते, असं आपण लहानपणापासून ऐकतो. डिसेंबर-जानेवारीतल्या मुंबईत ते बहुतेक दिवशी चूक ठरतं.

निरभ्र रात्री जमीन भराभर उष्णता सोडते. तिला टेकलेली हवा गार होते, वरची मात्र उबदार राहते. एरवी उंचीबरोबर दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश तापमान उतरतं. इथे ते चढतं. हीच तापमानाची विपरीतता. कचरा जाळल्याचा धूर थोडा वर जाऊन आडवा पसरलेला दिसला, की समजा वरच्या उबदार हवेचं झाकण बसलंय. दुपारी धूर मिसळायला हजार मीटर उंची मिळत असेल आणि पहाटे दोनशेच, तर तेवढीच धूळ पाचपट दाट होते. एकही गाडी वाढायला नको!

मुंबईची खरी झाडूवाली म्हणजे समुद्रावरून येणारा खारा वारा. रात्री वाहणारा मतलई वारा जमिनीवरचा धूर किनाऱ्याकडे आणतो. हिवाळ्यात मतलई थांबून खारा वारा सुटण्याचा पालट कधीकधी दुपारपर्यंत लांबतो, आणि सकाळची वाहतूक नेमकी त्याआधी सुरू होते.

प्रदूषणाचा हवामानावर उलटा परिणामही होतोच. काजळी ऊन शोषते. वरची हवा तापते, जमिनीला ऊन कमी पोचतं, झाकण उशिरा फुटतं आणि प्रदूषण आणखी साचतं. ढगांतही कण फार झाले की तेच पाणी असंख्य बारीक थेंबांत वाटलं जातं. साधारण दहा लाख मेघबिंदू एकत्र आले तर पावसाचा एक थेंब होतो, त्यामुळे बारीक थेंबांचा ढग बरसायला वेळ लावतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने 2009पासून विमानं ढगांत नेऊन हेच मोजलं.

घरगुती सेन्सर वापरत असाल तर आर्द्रताही बघा. 80 टक्क्यांच्या वर कण पाणी पिऊन फुगतात, आणि हवा न सुकवता प्रकाशाने मोजणारं स्वस्त यंत्र आकडा फुगवून दाखवतं. सरकारी एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, कणांसाठी 24 तासांच्या सरासरीवर निघतो, त्यात सकाळ-दुपारचा फरक बुजतो. म्हणून पीएम 2.5चे, म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कणांचे, तासाचे आकडे पाहा. (त्यांची दर घनमीटरला 60 मायक्रोग्रॅमची मर्यादाही 24 तासांच्या सरासरीची आहे, एका तासाची नव्हे.) खिडक्या उघडायच्या, धावायला जायचं, तर खारा वारा सुटल्यावर. रस्त्यावर पाणी मारल्याने जाडी धूळ बसते. हवेत आधीच तरंगणारी काजळी त्याला दाद देत नाही.