हवाई टकरींची आलेखमाला: चरखी दादरीचा तक्ता पूर्ण, उबरलिंगेनचा शाईच्या टप्प्यावर

हवाई टकरींच्या चौकशी अहवालांवरून प्रत्येक घटनेचा उंची-वेळ आलेख हाताने काढण्याच्या माझ्या उपक्रमातील हरियाणातल्या चरखी दादरीचा तक्ता आता पूर्ण झाला असून जर्मनीतल्या उबरलिंगेनच्या तक्त्यावर शाई चढवण्याचे काम सुरू आहे. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर उंची, नियंत्रकाच्या सूचना हिरव्या शाईने आणि विमानातील यंत्राचे इशारे तांबड्या शाईने, ही मांडणी कायम आहे. मात्र प्रत्येक तक्त्याच्या तळाशी मी एक स्वतंत्र पट्टी राखून ठेवू लागलो आहे आणि त्या चौकशीमुळे कोणता नियम, कोणते उपकरण किंवा कोणती कार्यपद्धती बदलली, एवढेच तिच्यात लिहितो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टात, चौकशीचा हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा उत्तरदायित्व ठरवणे हा नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे अहवालाचे खरे फलित या पट्टीतच मोजावे, असे मला वाटते.

चरखी दादरीची टक्कर १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी झाली. दिल्लीहून धाहरानला निघालेले सौदीचे बोइंग ७४७ चढत होते आणि शिमकेंतहून दिल्लीला येणारे कझाक इल्युशिन-७६ उतरत होते. बोइंगला १४,००० फुटांवर आणि इल्युशिनला १५,००० फुटांवर राहण्याची सूचना होती, म्हणजे दोघांमध्ये नियमाप्रमाणे हजार फुटांचे अंतर राहणार होते. इल्युशिन आपल्या पातळीखाली उतरत गेले आणि दोन्ही विमानांतील सर्व ३४९ जण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या आयोगाने चौकशी केली. इल्युशिनच्या ब्लॅक बॉक्सचे वाचन मॉस्कोत आणि बोइंगच्या ब्लॅक बॉक्सचे इंग्लंडमधील फार्नबरो येथे झाले.

या तक्त्यात इल्युशिनसाठी मी दोन रेषा काढल्या आहेत. तुटक रेषा विमानाने नियंत्रकाला कळवलेल्या उंचीची आहे आणि ती १५,००० फुटांवर सरळ जाते. सलग रेषा प्रत्यक्ष उंचीची आहे आणि ती खाली घसरत जाते. दिल्लीच्या नियंत्रकाकडे त्या वेळी प्राथमिक रडार होते. अशा रडारवर विमानाची दिशा आणि अंतर दिसते, उंची दिसत नाही, त्यामुळे त्याला फक्त तुटक रेषा ठाऊक होती. त्याने इल्युशिनला समोरून येणाऱ्या बोइंगची पूर्वसूचना दिली, अंतर सांगितले, त्याची पातळी १४,००० फूट आहे हेही सांगितले. पण सलग रेषा पाहण्याचे साधनच त्याच्या हाती नव्हते. दुसरीकडे, इल्युशिनमध्ये इंग्रजीतून संभाषण करण्याचे काम रेडिओ ऑपरेटरकडे होते आणि त्याच्यापुढे स्वतःचा उंचीमापक नव्हता. उंची जाणून घ्यायची तर वैमानिकांच्या तबकड्यांकडे मान वळवून पाहावे लागे. आपण १५,००० फुटांवर नाही हे त्याच्या अगदी शेवटच्या क्षणांत ध्यानात आले आणि त्याने वर जायला सांगितले, म्हणून सलग रेषेच्या टोकाला किंचित चढ दिसतो. तो चढ नसता तर इल्युशिन कदाचित बोइंगच्या खालून निघून गेले असते. हे टोक काढताना हात जड होतो, पण ते वगळून तक्ता खरा होणार नाही.

तळाच्या पट्टीत तीन नोंदी आल्या. दिल्लीभोवतीचे बरेचसे आकाश हवाई दलाकडे असल्यामुळे येणारी आणि जाणारी नागरी विमाने एकाच मार्गिकेतून समोरासमोर जात असत. ते मार्ग वेगळे करण्यात आले. विमानातील ट्रान्सपाँडरकडून, म्हणजे रडारच्या विचारणेला आपोआप उत्तर देणाऱ्या उपकरणाकडून, उंचीची माहिती घेणारे दुय्यम रडार दिल्लीत कार्यरत झाले. आणि भारतीय आकाशात येणाऱ्या प्रवासी विमानांवर टक्कर टाळणारे यंत्र, म्हणजे टीकॅस, असणे बंधनकारक झाले. या तिन्ही उपायांत मला विशेष वाटते ते असे की त्यांतील एकही उपाय वैमानिकाने अधिक सावध राहावे एवढ्यावर थांबत नाही. पहिल्याने विमाने समोरासमोर येण्याचे प्रसंगच कमी होतात, दुसऱ्याने तुटक आणि सलग रेषांमधली तफावत नियंत्रकाला दिसते, आणि तिसरा उपाय नियंत्रकाला काहीच दिसले नाही तरी दोन विमानांमध्ये परस्पर काम करतो.

उबरलिंगेनचा तक्ता या तिसऱ्या उपायाची परीक्षा पाहणारा आहे, म्हणूनच मी तो लगेच हाती घेतला. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनी-स्वित्झर्लंड सीमेजवळ मालवाहू बोइंग ७५७ आणि रशियन तुपोलेव्ह-१५४ यांची टक्कर होऊन ७१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत शाळकरी मुलांची संख्या मोठी होती. दोन्ही विमाने ३६,००० फुटांच्या पातळीवर होती, दोघांवरही टीकॅस होते आणि दोन्हीकडे ते व्यवस्थित चालू होते. पहिल्या इशाऱ्यापासून टकरीपर्यंत ५० सेकंद गेले. पाच सेकंदांना एक सेंटिमीटर आणि शंभर फुटांना एक सेंटिमीटर असे प्रमाण घेतल्यावर सारी घटना साधारण दहा सेंटिमीटर रुंद आणि अकरा सेंटिमीटर उंच चौकटीत बसली.

वेळा जागतिक प्रमाणवेळेनुसार लिहिल्या आहेत. २१:३४:४९ ला झुरिकच्या नियंत्रकाने तुपोलेव्हला खाली उतरण्यास सांगितले. सात सेकंदांनी, २१:३४:५६ ला, टीकॅसने तुपोलेव्हला वर जाण्याची आणि बोइंगला खाली जाण्याची आज्ञा दिली. यंत्र वर जायला सांगत आहे हे तुपोलेव्हच्या सहवैमानिकाने बोलून दाखवले, पण नियंत्रक खाली पाठवत आहे असे उत्तर त्याला मिळाले, आणि विमान उतरत राहिले. बोइंगने यंत्राचे ऐकले, म्हणून तेही उतरत राहिले. तक्त्यावर तांबड्या आज्ञा परस्परांपासून दूर जातात आणि विमानांच्या रेषा मात्र एकमेकींजवळ येत २१:३५:३२ ला मिळतात. त्या रात्री तो नियंत्रक एकटाच दोन पडद्यांवर काम करत होता, रडार यंत्रणा देखभालीमुळे मर्यादित स्थितीत होती आणि मुख्य दूरध्वनी बंद असल्याने, धोका दिसलेल्या, जर्मनीतील कार्लस्रूहच्या नियंत्रकांना त्याच्याशी संपर्क साधता आला नाही. या नोंदी मी समासात घेतल्या आहेत.

यंत्र आणि नियंत्रक परस्परविरुद्ध सांगू लागले तर कोणाचे ऐकायचे, हा प्रश्न त्यापूर्वीही पुढे आला होता. ३१ जानेवारी २००१ ला जपानच्या आकाशात एकाच कंपनीची दोन विमाने नेमक्या अशाच परिस्थितीत सापडली. नियंत्रकाकडून उड्डाण क्रमांकांची अदलाबदल झाली, बोइंग ७४७ च्या वैमानिकाने यंत्राची चढण्याची आज्ञा बाजूला ठेवून उतरण्याची सूचना पाळली, आणि टक्कर थोडक्यात टळली तरी अनेक प्रवासी जखमी झाले. त्या चौकशीचा अहवाल जुलै २००२ मध्ये, उबरलिंगेननंतर काही दिवसांनी आला. चौकशीला लागणारा वेळ हासुद्धा सुरक्षेचाच भाग आहे, हे या दोन तारखा शेजारी लिहिल्यावर मला प्रकर्षाने जाणवले. जर्मन चौकशी विभागाने अंतिम अहवालाची वाट न पाहता ऑक्टोबर २००२ मध्येच आंतरराष्ट्रीय संघटनेकडे शिफारस पाठवली. अंतिम अहवाल मे २००४ चा आहे. टीकॅसची आज्ञा नियंत्रकाच्या सूचनेविरुद्ध असली तरी तीच पाळावी, हे नोव्हेंबर २००३ पासून आंतरराष्ट्रीय कार्यपद्धतीत निःसंदिग्ध शब्दांत आले.

यंत्रातही दुरुस्ती झाली. टीकॅसच्या ७.१ आवृत्तीत, एक विमान आज्ञा पाळत नाही आणि दोन्ही एकाच दिशेने जात आहेत हे ओळखून दुसऱ्याची आज्ञा उलटवण्याचे तर्कशास्त्र सुधारण्यात आले. शिवाय चढण्याचा किंवा उतरण्याचा वेग कमी करण्यासाठी दिली जाणारी जुनी, संदिग्ध आज्ञा काढून तिच्या जागी पातळी सरळ करण्याची थेट आज्ञा आली, कारण जुन्या आज्ञेवर काही वैमानिक उलट प्रतिसाद देत असल्याचे आढळले होते. युरोपच्या आकाशात ही आवृत्ती डिसेंबर २०१५ पासून सर्व संबंधित विमानांवर सक्तीची झाली. टकरीपासून तेरा वर्षांहून अधिक काळ गेला, ही गोष्ट मी पट्टीत वर्षांसकट लिहिली आहे, कारण बदल झाला एवढेच नोंदवणे अपुरे ठरते.

पुढचा तक्ता सेरितोसचा असेल. ३१ ऑगस्ट १९८६ ला लॉस एंजेलिसजवळ मेक्सिकोचे डीसी-९ आणि एक छोटे पायपर विमान यांची टक्कर होऊन जमिनीवरील १५ जणांसह ८२ जण मृत्युमुखी पडले. अमेरिकेत प्रवासी विमानांवर टीकॅस सक्तीचे करणारा कायदा १९८७ मध्ये झाला, त्यामागे ही घटना होती. पायपरच्या ट्रान्सपाँडरकडून उंचीची माहिती जात नव्हती, आणि दुसऱ्या विमानाची उंची कळली नाही तर टीकॅसला चढा किंवा उतरा अशी आज्ञा देताच येत नाही. म्हणूनच मोठ्या विमानतळांभोवतीच्या तीस सागरी मैलांत उंची कळवणारा ट्रान्सपाँडर असण्याचा नियम त्यानंतर आला. रडारच्या नोंदींवरून पायपरची जागा ठरवता येते, पण तिची उंचीची रेषा टकरीच्या बिंदूपासून मागे अनुमानानेच न्यावी लागेल. ती रेषा ठिपक्यांनी काढून अनुमानाची मर्यादा दोन्ही बाजूंना फिकट पट्ट्याने दाखवावी, असा सध्या विचार आहे. अशा अपुऱ्या नोंदींचे आलेख ज्यांनी काढले असतील त्यांनी आपली पद्धत अवश्य कळवावी.