तिशियनचा बॅकस रथातून उडी का मारतो?

‘बॅकस आणि अरियाड्नी’ या चित्राचं टप्प्याटप्प्याने चाललेलं वाचन समुद्राची बाजू उरकून अखेर रथापर्यंत आलं. नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात: फेराराचा ड्यूक अल्फोन्सो देस्ते याच्या खासगी दालनासाठी इटालियन चित्रकार तिशियनने 1520 ते 1523 दरम्यान रंगवलेलं हे चित्र आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ग्रीक पुराणकथेतला वीर थीसियस आपल्या प्रेयसीला, अरियाड्नीला, नॅक्सोस बेटावर झोपेत टाकून गेलाय. त्याचं गलबत डावीकडे क्षितिजावर इवलंसं दिसतं. उजवीकडून मद्याचा देव बॅकस याची दंगेखोर वरात येते आणि तो तिला पाहून थेट झेप घेतो.

ही झेप रोमन कवी ओव्हिडच्या काव्यातली. तिथे तिला कारण आहे: रथाला वाघ जुंपलेत, त्यांना बघून अरियाड्नी घाबरू नये म्हणून देव खाली उडी टाकतो. आता चित्रातली जनावरं मोठी करून बघा. वाघ नाहीतच, चित्ते आहेत. मागे झांजा वाजतायत, कुणी वासराची तंगडी नाचवतंय, आणि हे दोन चित्ते एकमेकांकडे बघत निवांत उभे! यांना कोण भिणार? उडी ठेवली आणि तिचं कारण काढून घेतलं. उरली फक्त नजरानजर. माझं मत पक्कं होत चाललंय की तिशियनने हे जाणूनबुजून केलं.

प्रिंटवर डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीने तिरकी रेघ मारून पाहिली. ढोबळमानाने वर लॅपिस लाझुली या निळ्या दगडापासूनचा निळा, खाली मातकट, हिरवी गर्दी. अरियाड्नी निळ्यात. बॅकस बरोब्बर रेघेवर, अधांतरी, गुलाबी शेला मागे फडफडतोय. तिच्या डोक्यावरच्या आभाळात आठ ताऱ्यांचा मुकुट आधीच उगवलाय, कथेत बॅकस तिच्या मुकुटाचे तारे करतो ते नंतर. म्हणजे गेलेलं गलबत आणि यायचं भाग्य, दोन्ही तिच्याच बाजूला.

वरातीतल्या सर्पवाल्या दाढीधाऱ्याला लाओकोऊन (सापांच्या विळख्यात सापडलेला ट्रॉयचा पुरोहित) म्हणून मोकळं होऊ नका. 1506 मध्ये रोमला सापडलेल्या लाओकोऊनच्या प्राचीन शिल्पाची ढब त्याच्यात आहेच, पण अंगाला साप गुंडाळणारे बॅकसचे सोबती रोमन कवी कॅटलसच्या कवितेतही आहेत.

पुढे वासराचं मुंडकं ओढत नेणारा छोटा सॅटर (अर्धा माणूस, अर्धा बोकड) घेणार आहे. तो थेट आपल्याकडे बघतो. का, यावर तुमचे तर्क आधी येऊ द्यात, मग माझा सांगतो.