डबा रिकामा द्यायचा नसतो

आमच्या घरी एक स्टीलचा डबा होता. नाव मात्र त्याच्यावर शेजारच्या काकूंच्या सासूबाईंचं कोरलेलं. दिवाळीत तो करंज्या घेऊन यायचा, नाताळात आमच्या करंज्या घेऊन परत जायचा. रिकामा डबा द्यायचा नसतो, एवढा एकच नियम दोन्ही घरं बिनतक्रार पाळायची.

मग मध्ये शेवगा आला. झाड त्यांचं, शेंगा त्यांच्या, पाला मात्र आमच्या अंगणात. (देवाच्या न्यायाविषयी पहिली शंका मला तिथंच आली.) बोलाचाली झाली, अबोला धरला, आणि डबा चार वर्षं आमच्याच फळीवर अडकला.

चर्चमध्ये बायबलातला लूकचा दहावा अध्याय वाचला, की मी नेमका खाली बघायचो. 'शेजाऱ्यावर प्रीती कर' ही आज्ञा पाठ असलेला एक यहुदी शास्त्री येशूला विचारतो, 'माझा शेजारी कोण?' त्याला बहुतेक चतुःसीमा हवी होती, इथवर प्रीती, त्यापुढं नाही. येशू त्याला यरीहोच्या वाटेवर लुटलेल्या माणसाची गोष्ट सांगतो. याजक आणि लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक, बाजूनं निघून जातात. यहुद्यांचं ज्यांच्याशी हाडवैर, त्यातला एक शोमरोनी मात्र जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, उतारशाळेत दोन दिनार देतो, वर 'जास्त लागलं तर परत येताना देईन' म्हणतो. या तिघांत शेजारी कोण झाला? शास्त्र्याच्या तोंडून 'शोमरोनी' हा शब्द काही निघत नाही. 'दया करणारा,' एवढंच म्हणतो. त्याची अडचण मला चांगली कळते.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. आम्ही जिन्यात सामान कवटाळून उभे. वरच्या गॅलरीतून काकू ओरडल्या, "या की वर! पाणी काय तुमचं भांडण मिटायची वाट बघतंय व्हय?"

तीन रात्री त्यांच्याकडं काढल्या. गोष्टीत आपण शोमरोनी व्हायचं, असंच आजवर धरून चाललो होतो. वाटेवर पडलेला माणूस व्हायची तयारी कुणीच करून घेतली नव्हती. त्यांच्या हातची भाकरी पहिल्या रात्री घशाखाली उतरेना. दुसऱ्या रात्री मी चौथी मागितली.

पाणी ओसरल्यावर गाळात डबा सापडला. घासून, उन्हात वाळवून द्यायला गेलो. घरात भरायला काहीच उरलं नव्हतं.

"रिकामाच की वो!" झाकण उघडून काकू म्हणाल्या.

संध्याकाळी डबा परत आला. आत शेवग्याच्या पाल्याची भाजी.