दगड झालेली रेंजर परत आणताना

बॅसिलिस्क या सरड्यासारख्या राक्षसाची नजर पडली म्हणून माणूस लगेच दगड होत नाही. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या फाशांवर पात्रं खेळवायच्या खेळाच्या २०१४ च्या नियमांत आधी कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे अंगाच्या कणखरपणाचा, सेव्ह असतो: वाचण्यासाठी फासा टाकायचा. डीसी १२, म्हणजे एकूण किमान बारा हवेत. तो हुकला की अंग जखडतं आणि पुढच्या पाळीच्या शेवटी आणखी एक संधी मिळते. माझं पात्र रेंजर, रानात वावरणारी योद्धा. तिचे दोन्ही सेव्ह हुकले. जळगावातली मे महिन्याची दुपार, कूलरसमोर नकाशा पसरलेला. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, माझी मिनी (पात्राची छोटी मूर्ती) उचलली आणि त्या चौकोनात एक खडा ठेवला.

दगड झालेल्याला आजूबाजूचं काहीच कळत नाही, म्हणून मला काही सुचवायलाही मनाई झाली. मला ते मनापासून पटलं. असं बंधन नसेल तर दगड होण्याला अर्थच काय?

यावर उतारा ग्रेटर रिस्टोरेशनचा. त्यात शंभर सोन्याच्या नाण्यांची हिऱ्याची पूड खर्ची पडते आणि क्लेरिकला, म्हणजे पुजारी पात्राला, तो मंत्र नवव्या लेव्हलला मिळतो. आमचा क्लेरिक पाचव्यावर. राहिला एकच मार्ग: बॅसिलिस्कच्या अन्ननलिकेपासून किमयागार काढतात ते तेल.

इकडे आमच्यातल्या ‘रोग’ने, म्हणजे चोरट्या पात्राने, आरसा काढला होता. लख्ख उजेडात, तीस फुटांच्या आत बॅसिलिस्कला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तर त्याची नजर त्याच्यावरच चालते. क्लेरिक खेळणारी ताई ओरडली, “थांब भो! तोच दगड झाला तर तेल कशातून काढशील?” आरसा पिशवीत गेला. मग सगळे नजर चुकवून लढले. प्रत्येक वाराला दोन फासे टाकायचे आणि कमी पडेल तो धरायचा. फार वेळ लागला, पण मारला.

पुढचं काम ओझ्याचं: दगडी रेंजरला किमयागाराकडे न्यायचं. दगड झाल्यावर वजन दहापट होतं, आणि वाटेत एखादं बोट तुटलं तर माणूस शुद्धीवर आल्यावरही ते परत येत नाही. आमच्याकडे ट्रकमध्ये केळीचे घड पानांच्या थरांवर रचतात, तसं त्यांनी बैलगाडीत गवत अंथरून तिला निजवलं. डीएमने खाचखळग्यांसाठीही फासे टाकायला लावले. बोटं शाबूत राहिली.

किमयागाराने तेल चोळलं आणि रेंजर उठली, पण विषबाधितच. गुहेत शिरण्याआधी तिला कोळी चावला होता, आणि दगड झाल्यावर अंगातलं विष थांबतं, उतरत नाही. हे माझ्या लक्षात होतं, सांगायची मुभा नव्हती. ताईने लेसर रिस्टोरेशन या विष उतरवणाऱ्या मंत्रासाठी एक स्लॉट, म्हणजे मंत्राची एक खेप, आधीच राखून ठेवला होता.