न खपलेल्या गाड्यांचे मोल

गेल्या मे महिन्यातल्या एका शनिवारी शेजारच्या गृहस्थांनी मला हाक मारून त्यांच्या गॅरेजमध्ये बोलावले. त्यांच्या १९७० सालच्या प्लिमथ रोड रनरची मागची सीट काढायची होती, आणि पंच्याहत्तरी गाठलेल्या माणसाला ती एकट्याने उचलणे जमण्यासारखे नव्हते. सीटच्या पुढच्या कडेला गुडघ्याने दाब दिला, ती खटकन खाचेतून सुटली आणि आम्ही दोघांनी ती उलटी करून जुन्या चादरीवर ठेवली. आतल्या स्प्रिंगांच्या जाळीत, पन्नासहून अधिक वर्षांची धूळ आणि उंदरांनी कुरतडलेला कापूस यांच्यामध्ये, घडी घातलेला एक कागद अडकलेला होता. तो इतका पिवळा आणि ठिसूळ झाला होता की मला पुण्याच्या घरातल्या पोथीची पाने आठवली. त्यांनी तो दोन बोटांत धरून हलकेच उलगडला आणि चष्मा आत राहिला असल्यामुळे मला वाचायला सांगितले.

हा कागद म्हणजे त्या गाडीची जन्मपत्रिकाच होती. प्लिमथ बनवणाऱ्या क्रायस्लर कंपनीच्या कारखान्यात प्रत्येक गाडीसाठी असा एक तक्ता छापला जाई. कोणते इंजिन, कोणता गिअरबॉक्स, कोणता रंग, कोणते सीटकव्हर हे सारे त्यावर संकेतांत लिहिलेले असे आणि जोडणीच्या रांगेवरचे कामगार त्यानुसार भाग बसवत. काम झाले की कागद सीटच्या स्प्रिंगांत नाहीतर डॅशबोर्डच्या मागे खोचून दिला जाई. तो जपून ठेवावा असे त्या वेळी कोणाच्या मनातही आले नसेल.

त्या तक्त्यावर गाडीचा क्रमांकही होता. आपल्याकडे ज्याला आपण चेसिस नंबर म्हणतो तोच हा. त्याची सुरुवात ‘आरएम२३एन०ए’ अशी होती. ‘आरएम’ म्हणजे रोड रनर, ‘२३’ म्हणजे दोन दारांची, पक्क्या टपाची गाडी, ‘०’ म्हणजे १९७० चे मॉडेल आणि ‘ए’ म्हणजे डेट्रॉइटमधला लिंच रोडवरचा कारखाना. मधले पाचवे अक्षर इंजिनाचे. ‘एन’ म्हणजे ३८३ क्यूबिक इंचांचे, सुमारे ६.३ लिटरचे इंजिन. त्या जागी ‘आर’ असता तर तेच बॉनेट, तीच डिकी आणि तोच पत्रा असलेल्या या गाडीची किंमत कित्येक पटींनी वाढली असती, कारण ‘आर’ म्हणजे ४२६ क्यूबिक इंचांचे, ७ लिटरचे हेमी इंजिन. एका अक्षराने एवढा फरक का पडावा, हे मला डेट्रॉइटला येऊन बरीच वर्षे झाली तरी नीट उमगले नव्हते. पिंपरीच्या कारखान्यात उमेदवारी केलेल्या माणसाला गाडीचे मोल ती किती चालते आणि किती कमी त्रास देते यावरून ठरते असेच वाटणार. त्या कागदापासून माझा शोध सुरू झाला, आणि आज जे लिहितो आहे ते त्यातूनच आले आहे.

रोड रनर ज्यात मोडते तो मसल कार हा प्रकार मुळात साधा होता. मध्यम आकाराच्या, घरगुती वापराच्या गाडीत मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन बसवायचे आणि किंमत तरुणांच्या आवाक्यात ठेवायची. जनरल मोटर्सने मध्यम आकाराच्या गाड्यांतील इंजिनांवर ३३० क्यूबिक इंचांची मर्यादा घातली होती. १९६४ साली याच कंपनीच्या पाँटिअ‍ॅक विभागातल्या जॉन डिलोरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ क्यूबिक इंचांचे इंजिन टेंपेस्ट गाडीत ‘जीटीओ’ नावाच्या वैकल्पिक पॅकेजच्या रूपाने देऊन ही मर्यादा चुकवली. ती गाडी खपली आणि मग सगळ्यांनीच तो मार्ग धरला.

हेमी इंजिनाची गोष्ट मात्र सवडीने सांगण्यासारखी आहे. या इंजिनातला ज्वलनकक्ष अर्धगोलाकार असतो, आणि हेमिस्फिअर या शब्दावरूनच त्याला हेमी हे नाव पडले. व्हॉल्व्ह समोरासमोर तिरके बसवता आल्यामुळे ते आकाराने मोठे ठेवता येतात आणि इंजिनाला मोकळेपणी श्वास घेता येतो. १९६४ च्या डेटोना ५०० शर्यतीत रिचर्ड पेटी यांनी हे इंजिन असलेली प्लिमथ पहिली आणली आणि दुसरा व तिसरा क्रमांकही प्लिमथनेच घेतला. १९६६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांमध्येही हेमी मिळू लागले. कागदावर त्याची ताकद ४२५ अश्वशक्ती लिहिलेली असे, आणि प्रत्यक्षात ती त्याहून जास्त होती असे जाणकार मानतात. मात्र ते जड होते, महाग होते, पेट्रोल भरपूर पिणारे होते आणि त्याचे ट्यूनिंग वरचेवर करावे लागे. प्लिमथच्या बॅराकुडा गाडीच्या ‘कुडा’ या अधिक ताकदीच्या आवृत्तीत १९७१ साली त्यासाठी सुमारे ८८० डॉलर जादा मोजावे लागत. ज्या काळात उघड्या टपाची ही गाडी साडेतीन हजार डॉलरच्या आत-बाहेर मिळत होती, त्या काळात ही रक्कम लहान नव्हती.

त्या वर्षी उघड्या टपाची हेमी कुडा फक्त ११ गिऱ्हाइकांसाठी बनली. पूर्ण वर्षात ११, आणि त्यांतल्या काही तर अमेरिकेबाहेर गेल्या. मला यातले कारण आकड्यापेक्षा अधिक बोलके वाटते. ज्याला शर्यतीच्या पट्टीवर पाव मैल सर्वांत आधी गाठायचा होता तो बंद टपाची गाडी घेई, कारण ती हलकी असे आणि तिचा सांगाडा अधिक ताठ असे. ज्याला उन्हात टप उघडून फिरायचे होते त्याला सात लिटरच्या तापट इंजिनाशी रोज झगडण्याची हौस नव्हती. दोन्ही एकाच वेळी हवे असणारा माणूस विरळाच होता. त्यातच विमा कंपन्यांनी तरुण चालकांच्या अशा गाड्यांवर जबर हप्ते लावायला सुरुवात केली होती, १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे धुराचे नियम कडक होत होते आणि साध्या पेट्रोलवर चालतील अशी कमी दाबाची इंजिने येऊ लागली होती. १९७१ हे हेमीचे शेवटचे वर्ष ठरले. पुढे १९७३ च्या तेलसंकटाने उरलेसुरले सगळे संपवले.

जून २०१४ मध्ये सिअ‍ॅटल येथे मीकम या लिलावकर्त्यांच्या लिलावात या अकरांपैकी एका गाडीवर ३५ लाख डॉलरची बोली लागली. त्या वेळच्या दराने ते सुमारे २१ कोटी रुपये होतात. हाताने बदलण्याचे चार गिअर असलेल्या ज्या अगदी मोजक्या गाड्या त्यांत होत्या, त्यांतली ती एक होती. १९७१ साली शोरूममध्ये जे कोणाला नको होते, नेमके तेच तिच्यात एकवटलेले होते.

हीच रीत पुन्हा पुन्हा दिसते. इलिनॉय राज्यातल्या ला हार्प या छोट्याशा गावी फ्रेड गिब नावाचे शेवरोलेचे डीलर होते. त्यांनी १९६९ साली संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचे ४२७ क्यूबिक इंचांचे झेडएल-१ इंजिन असलेल्या ५० कमारो मागवल्या, कारण शर्यतीच्या वर्गात पात्र ठरण्यासाठी तेवढ्या गाड्या बनणे आवश्यक होते. गाड्या आल्या तेव्हा नुसत्या इंजिनाची किंमत ४,००० डॉलरच्या वर होती आणि गाडीची किंमत ७,००० डॉलरच्या पलीकडे गेली होती. एवढ्या पैशांत त्या काळी दोन साध्या कमारो आल्या असत्या. गावातल्या डीलरला हा बोजा पेलणारा नव्हता. बहुतेक गाड्या कंपनीला परत घेऊन इतर डीलरांकडे वाटाव्या लागल्या आणि काहींचे इंजिन पुढे बदललेही गेले. सगळ्या मिळून फक्त ६९ बनल्या, आणि आज मूळ इंजिनासह टिकलेली त्यांतली एखादी दिसली तर शेवरोलेचे संग्राहक तिच्याभोवती गोळा होतात.

प्लिमथ सुपरबर्डचे दैव याहूनही विलक्षण. माझ्या शेजाऱ्यांच्या रोड रनरचीच ही बहीण. नाक पुढे निमुळते लांबवलेले आणि डिकीवर माणसाच्या खांद्याला लागेल एवढ्या उंचीचा पंख. अमेरिकेतल्या नॅसकार या मोटारशर्यतींत उतरण्यासाठी १९७० च्या नियमाप्रमाणे दर दोन डीलरांमागे एक गाडी बनवणे भाग होते, म्हणून प्लिमथने सुमारे १,९०० बनवल्या. आदल्या वर्षी याच कुळातली डॉज चार्जर डेटोना आली होती. २४ मार्च १९७० रोजी टॅलाडेगा येथे बडी बेकर यांनी ती ताशी २०० मैलांच्या वर नेली आणि बंद शर्यतमार्गावर हा टप्पा पहिल्यांदा ओलांडला गेला. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला मात्र त्या नाकाचे आणि पंखाचे काय करावे ते समजेना. न विकलेल्या सुपरबर्ड डीलरांच्या आवारात दीर्घकाळ उभ्या असलेल्या माझ्या शेजाऱ्यांनी स्वतः पाहिल्या आहेत, आणि काही डीलरांनी तर पंख व नाक काढून त्यांच्या साध्या रोड रनर करून विकल्या. जवळून पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक सुपरबर्डच्या टपावर काळे व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचे आवरण, चढवलेले असते. हवा नीट वाहावी म्हणून मागच्या काचेचा आकार बदलला होता, आणि तिथल्या पत्र्याचे सांधे घासून गुळगुळीत करण्याइतका वेळ कारखान्याजवळ नसल्यामुळे ते व्हिनाइलखाली झाकले गेले. त्या वेळच्या घाईची ही खूण आज सुपरबर्डच्या अस्सलपणाची खूण मानली जाते.

अस्सलपणा हाच या बाजाराचा प्राण आहे, आणि तो सिद्ध होतो कागदांनी आणि आकड्यांनी. १९६८ च्या मॉडेलपासून गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे अंक इंजिनावर आणि गिअरबॉक्सवरही ठोकलेले सापडतात. ते डॅशबोर्डवरच्या पट्टीवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळले तर ‘मॅचिंग नंबर्स’ची गाडी, नाहीतर नुसती सुंदर गाडी. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी कारखान्याच्या नोंदींवरून तयार होणारा ‘मार्टी रिपोर्ट’ मिळतो आणि पाँटिअ‍ॅकसाठी मूळ बिलांच्या प्रती मिळवता येतात. क्रायस्लरच्या बाबतीत मात्र इंजिनशेजारी लावलेली छोटी धातूची पाटी आणि सीटखाली सापडलेला तक्ता यांवरच पुष्कळसे अवलंबून असते. साध्या बॅराकुडाला हेमी बसवून, हवा तो रंग देऊन हुबेहूब हेमी कुडा बनवणे कुशल कारागिराला अशक्य नाही. तशा गाड्या उघडपणे प्रतिकृती म्हणून विकल्या जातात तोवर मला त्यांत काही गैर वाटत नाही. पण खोटी पाटी ठोकून कोणी ती खरी म्हणून विकतो तेव्हा तो खऱ्या गाडीचा इतिहासच चोरतो, आणि मला त्याचा संताप येतो.

मोल नेहमी दुर्मिळतेतूनच येते असेही नाही. १९६८ साली फोर्डने तीन लाखांहून अधिक मस्टँग बनवल्या, आणि त्यांतलीच एक हिरवी गाडी हॉलिवूडचे नट स्टीव्ह मॅक्वीन यांनी ‘बुलिट’ या चित्रपटात चालवली. १९७४ साली एका कुटुंबाने ती ६,००० डॉलरला घेतली, घरच्या गाडीसारखी वापरली आणि पुढे ती गॅरेजमध्ये पडून राहिली. १९७७ साली मॅक्वीन यांनी स्वतः पत्र लिहून ती परत मागितली, तरीही कुटुंबाने दिली नाही. जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या ऑटो शोमध्ये ती मांडली गेली तेव्हा मी रांगेत उभा राहून ती पाहिली. हिरवा रंग पार विटलेला, पत्र्यावर गंजाचे ठिपके, कुठेही नवे रंगकाम नाही. कॅमेरे बसवण्यासाठी खालच्या बाजूला वेल्डिंग केलेले लोखंडी आधार अजून तसेच होते. मी आयुष्यभर कारखान्यात निर्दोष पत्र्यासाठी धडपडलो आहे, आणि तरीही त्या डागाळलेल्या गाडीसमोरून माझा पाय निघेना. जानेवारी २०२० मध्ये लिलावात तिला ३७ लाख ४० हजार डॉलर मिळाले. ती नव्यासारखी चकचकीत केली असती तर तेवढे मिळाले नसते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

भाव मात्र कायम चढते राहिलेले नाहीत. २००८ च्या मंदीनंतर हेमी गाड्यांच्या किमती चांगल्याच खाली आल्या होत्या, आणि तारुण्यात या गाड्यांची स्वप्ने पाहिलेली पिढी आता थकत चालली आहे. पुढच्या पिढीला त्यांची तेवढी ओढ असेल का, हा प्रश्न संग्राहकांना भेडसावतो. मला स्वतःला जास्त चिंता वाटते ती तापमान नियंत्रित केलेल्या दालनांत उभ्या राहून कधीच सुरू न होणाऱ्या गाड्यांची. दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. त्या दिवशी रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसले की आठ सिलिंडरांचा तो खर्जातला आवाज आधी छातीत जाणवतो, गाडी मागाहून दिसते. ते मोल कोणत्याही बोलीत धरता येणार नाही.

त्या शनिवारी शेजाऱ्यांना किमतीत रसच नव्हता. पाचवे अक्षर ‘एन’ आहे हे त्यांना डॅशबोर्डवरच्या पट्टीवरून कधीपासूनच ठाऊक होते. त्यांना हवी होती तारीख. मी संकेत उलगडून सांगितला, १३ फेब्रुवारी १९७०. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते लिंच रोडच्या कारखान्यात लागले होते आणि त्या हिवाळ्यात डॅशबोर्ड बसवण्याच्या जागी दिवसपाळीला काम करत होते. ही गाडी त्यांनी पुढे आठ वर्षांनी, तिसऱ्याच माणसाकडून, जुनी म्हणून विकत घेतली होती. तो शुक्रवार होता का, असे त्यांनी विचारले. मी फोनवर पाहून होय म्हणालो. मग त्यांनी डॅशबोर्डच्या खाली हात घालून, डोळ्यांनी न पाहता, एकेक स्क्रू बोटांनी चाचपायला सुरुवात केली.